एक चित्रपट, दोन अल्बम : 'बॅटमॅन', १९८९

ऑगस्ट १९८९. अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाला त्या महिन्यात 'बॅटमॅन' या एकाच नावाचे दोन निरनिराळे अल्बम मिळत होते. दोन्हींवर मोहोर एकाच कंपनीची, वॉर्नर ब्रदर्स रेकॉर्ड्सची. एकावर नाव प्रिन्सचे, दुसऱ्यावर डॅनी एल्फमनचे. पहिला २० जून रोजी, चित्रपट पडद्यावर येण्याच्या तीन दिवस आधीच, विक्रीस आला होता. दुसरा आला तो चित्रपट लागून दीडेक महिना उलटल्यावर.

आजचा धागा मुख्यतः त्या दुसऱ्या अल्बमविषयी आहे. परंतु पहिला समजून घेतल्यावाचून दुसऱ्याचे मोल कळत नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने असल्या विषयाला हात का घालावा, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, ध्वनिमुद्रिका हेही एक साधनच आहे. ताम्रपट हाती आला की आपण प्रथम विचारतो : हा दिला कोणी, मजकूर रचला कोणी, पत्र्यावर कोरला कोणी? तिघे बहुधा निराळे असतात आणि पुष्कळ ताम्रपट तसे सांगूनही टाकतात. विसाव्या शतकातला अल्बमही हेच सांगतो, मात्र अगदी बारीक अक्षरांत.

तर आधी 'दिला कोणी' ते पाहू.

किनी नावाची एक अमेरिकी कंपनी होती. तिचा मूळ व्यवसाय वाहनतळ चालवण्याचा आणि अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहण्याचा. १९६०च्या दशकाच्या अखेरीस या कंपनीने आधी 'बॅटमॅन'ची चित्रकथा प्रसिद्ध करणारी संस्था, म्हणजे आजची डीसी, विकत घेतली आणि पाठोपाठ वॉर्नर ब्रदर्स हा चित्रपटधंदाही घेतला. १९७२ साली या साऱ्या पसाऱ्याचे नाव झाले वॉर्नर कम्युनिकेशन्स. परिणाम असा की, १९८९ मध्ये बॅटमॅन हे पात्र, त्याच्यावरचा चित्रपट आणि त्या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिका या तिन्ही गोष्टी एकाच घरच्या होत्या. त्याच वर्षी मार्चमध्ये वॉर्नर आणि 'टाइम' साप्ताहिकाची मालक कंपनी यांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली. जूनमध्ये पॅरामाउंटने 'टाइम'वरच बोली लावून त्यात मोडता घातला. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९९०च्या आरंभी टाइम-वॉर्नर एकदाचे अस्तित्वात आले. म्हणजे 'बॅटमॅन' चित्रपटगृहांत चालू असताना त्याचे मालक स्वतःच बाजारात उभे होते. एका पात्रातून चित्रपट, गाणी, खेळणी आणि सदरे असे सगळे विकून दाखवण्याची ती वेळ होती.

गाण्यांसाठी प्रिन्सची निवड या हिशेबात चपखल बसते. तो वॉर्नरचाच कलावंत. १९८४च्या 'पर्पल रेन'ने चित्रपट आणि अल्बम एकमेकांना कसे खेचून नेतात ते दाखवले होते. त्या अल्बमने अमेरिकेत २४ आठवडे पहिला क्रमांक सोडला नव्हता. मात्र १९८५च्या 'अराउंड द वर्ल्ड इन अ डे'नंतर त्याचा एकही अल्बम तिथवर पोहोचला नव्हता. दिग्दर्शक टिम बर्टनने कच्च्या संकलनात जागा भरायला प्रिन्सची जुनी गाणी वापरली होती. तेथून संबंध जुळला, आणि काही गाणी देण्याऐवजी प्रिन्सने अख्खा अल्बमच करून दिला.

हा अल्बम मला स्वतःला आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. नऊ गाणी, प्रत्येक गाणे कोणते पात्र गाते आहे याची नोंद, मध्येच चित्रपटातील संवादांचे तुकडे. तो सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. 'बॅटडान्स' हे गाणेही पहिल्या क्रमांकावर गेले, आणि गंमत म्हणजे ते चित्रपटात नाहीच. पडद्यावर प्रिन्स ठळकपणे ऐकू येतो तो दोनच ठिकाणी : जोकर आपल्या टोळीसह कलासंग्रहालयात धुडगूस घालतो तेव्हा 'पार्टीमॅन', आणि तो रस्त्यावरच्या मिरवणुकीत नोटा उधळतो तेव्हा 'ट्रस्ट'. बाकीचे ब्रूस वेनच्या घरच्या मेजवानीत मागे कुठेतरी वाजते, नाहीतर शेवटच्या श्रेयनामावलीवर. १९९३ साली प्रिन्सच्या गाजलेल्या गाण्यांचा मोठा संग्रह निघाला, त्यात पहिल्या क्रमांकावर गेलेला 'बॅटडान्स' नव्हता. त्या तबकडीच्या मागच्या बाजूचे 'टू हंड्रेड बलून्स' मात्र होते! नोंदी ठेवणाऱ्यांना असल्या विसंगती फार प्रिय असतात.

प्रिन्सच्या अल्बमच्या वेष्टनावर होते ते वटवाघळाचे सोनेरी-काळे बोधचिन्ह. तेच चित्रपटाच्या भित्तिपत्रकावर, तेच त्या उन्हाळ्यात लाखो सदऱ्यांवर. आता चित्रपटाची सुरुवात आठवा. कॅमेरा कसल्याशा अंधाऱ्या दगडी घळींतून सरकत राहतो. आपण कुठे आहोत ते कळत नाही. अखेरीस तो वर उचलला जातो आणि लक्षात येते की, त्या घळी म्हणजे दगडात कोरलेले तेच बोधचिन्ह आहे. बाजारात जे चिन्ह प्रिन्सच्या नावाने विकले जात होते, त्याला पडद्यावर प्राण दिला तो एल्फमनच्या वाद्यवृंदाने. त्या अडीच मिनिटांत प्रिन्सचा एक सूरही नाही.

हा एल्फमन कोण? जन्म १९५३, लॉस एंजेलिस. संगीतशाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. थोरला भाऊ रिचर्ड याने १९७२ साली एक रंगीबेरंगी रस्त्यावरची नाट्यमंडळी काढली होती. तीत तो वाजवू लागला, आणि पुढे त्याच मंडळीतून 'ऑइंगो बॉइंगो' हा त्याचा रॉक बँड निघाला. पाश्चात्त्य स्वरलेखन त्याने शिकून घेतले ते जुन्या जॅझच्या ध्वनिमुद्रिका कानांनी ऐकून कागदावर उतरवता उतरवता. १९८५ मध्ये बर्टनच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाला, 'पी-वीज बिग अॅडव्हेंचर'ला, त्याने संगीत दिले. १९८८ मध्ये 'बीटलज्यूस'ला. दोन्ही विनोदी. 'बॅटमॅन'चे अंदाजपत्रक त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठे होते, आणि निर्माता जॉन पीटर्स याला या गड्याचा भरवसा वाटेना.

एल्फमनने नंतर मुलाखतींतून सांगितलेल्या आठवणी अशा : निर्मात्यांची इच्छा होती की, त्याने प्रिन्ससोबत मिळून काम करावे. त्याला वाटले, असे झाले तर चाली प्रिन्सच्या राहतील आणि आपण त्या वाद्यवृंदासाठी सजवून देणारे कारागीर उरू. त्याने नकार दिला आणि काही काळ हे काम सोडलेही. परत आल्यावरही पीटर्सची शंका फिटली नव्हती. एका बैठकीत बर्टनने त्याला ती मुख्य 'मार्च' ऐकवायला सांगितली. ती वाजू लागताच पीटर्स उठून उभा राहिला आणि हात हलवत जणू तोच वाद्यवृंद चालवू लागला. त्या क्षणापासून चित्र पालटले.

आठवणी हे साधन जपून वापरायचे असते, हे आपल्याला पहिल्या सत्रातच शिकवतात. सांगणारा या प्रसंगाचा नायक आहे, हे विसरू नये. परंतु एक बाह्य पुरावा जुळतो : चित्रपटातील प्रेमप्रसंगांच्या वाद्यसंगीतात प्रिन्सच्या 'स्कँडलस' या गाण्याची चाल डोकावते. म्हणजे दोन घरांमधली भिंत पूर्ण बंद नव्हती. एक खिडकी कोणीतरी उघडी ठेवायला लावली होती.

मुख्य सुरावटीच्या जन्माची कथाही त्याचीच. लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत उभारलेली गॉथम नगरी पाहून तो विमानाने परतत होता. वाटेत सुरावट सुचली. शेजारच्या प्रवाशांपुढे गुणगुणणार कसे? मग छोटे टेपरेकॉर्डर घेऊन तो पुनःपुन्हा विमानाच्या स्वच्छतागृहात जाऊ लागला. कर्मचाऱ्यांना याची प्रकृती बरी नसावी अशी काळजी वाटू लागली, असे तो सांगतो.

ती सुरावट पाच स्वरांची आहे. आपल्या भाषेत मांडायची तर : सा, रे, कोमल ग, मग एकदम उडी मारून कोमल ध, आणि तेथून अर्ध्या स्वराने उतरून प. कोणत्याही रागाशी तिचे नाते जोडायचा मोह आवरावा; ओळख पटावी एवढ्यासाठीच सरगम दिली. पेटीवर वाजवून पाहा. पहिले तीन स्वर पायऱ्या चढावेत तसे सरळ चढतात, चौथा अपेक्षेपेक्षा उंच जातो, आणि पाचवा त्या उंचीवरून किंचित घसरतो. विजयाच्या दिशेने झेपावून ऐन वेळी सावलीत परतणारा नायक एवढ्यात उभा राहतो.

तुलना करायची तर १९७८च्या 'सुपरमॅन'शी करावी. जॉन विल्यम्सची ती सुरावट सा आणि प यांच्या भक्कम खांबांवर उभी आहे, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या कर्ण्यांनी दिवसाउजेडी गायलेली. त्या चित्रपटाची दोन तबकड्यांची ध्वनिमुद्रिका हाच त्याचा एकमेव अधिकृत अल्बम होता. वाद्यवृंदाचे संगीत म्हणजेच चित्रपटाचे संगीत, याविषयी अकरा वर्षांपूर्वी शंका नव्हती. एल्फमनने त्या वाटेने जायचे नाकारले. त्याचा आदर्श बर्नार्ड हरमन, म्हणजे हिचकॉकच्या 'व्हर्टिगो' आणि 'सायको'चा संगीतकार. खालच्या पट्टीतली पितळी वाद्ये, चर्चमधला ऑर्गन, शब्दांविना गाणारा गायकवृंद. बॅटमोबिल विकी व्हेलला घेऊन रात्रीच्या जंगलातून गुहेकडे धावते, तेव्हाचा 'डिसेंट इंटू मिस्टरी' हा दीड मिनिटाचा तुकडा ऐका. तेथे मोटारीचा वेग आहे, पण स्वर एखाद्या धार्मिक विधीचा आहे. आणि जोकर घंटाघराच्या माथ्यावर विकीला ओढत नाचवतो, तेव्हा एल्फमन चक्क व्हिएन्नी थाटाचा वॉल्ट्झ वाजवतो.

येथवर सारे सुरळीत. आता त्या बारीक अक्षरांकडे वळू.

एल्फमनच्या अल्बमच्या श्रेयनामावलीत लिहिले आहे : वादन सिन्फोनिया ऑफ लंडन, संचालन शर्ली वॉकर, वाद्यवृंदासाठी मांडणी स्टीव्ह बार्टेक. बार्टेक हा 'ऑइंगो बॉइंगो'तला गिटारवादक. मांडणीत वॉकरचाही हातभार होता. ध्वनिमुद्रण लंडनमधील वेम्बलीच्या सीटीएस स्टुडिओत झाले.

चित्रपट तुफान चालला; एकट्या अमेरिकेत त्याने २५ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. पाठोपाठ कुजबुज सुरू झाली. रॉक बँडमधला, न शिकलेला माणूस. याला नव्वदेक वाद्यांचे संगीत कुठून लिहिता येणार? हा गुणगुणत असेल आणि कोणीतरी लिहून घेत असेल. मग लिहिणारा खरा कोण? कोणी म्हणे बार्टेक, कोणी म्हणे वॉकर. एका नामांकित संगीतविषयक नियतकालिकात एका प्राध्यापकाचे त्याच्या कुवतीवर बोट ठेवणारे पत्र छापून आले. १९९० मध्ये त्याच नियतकालिकात एल्फमनने लांबलचक खुले पत्र लिहून उत्तर दिले. पत्रात राग उघड आहे. आपण स्वतः स्वरलिपी लिहितो, आपल्या आराखड्यांत वाद्यांची कामे तपशिलाने नोंदलेली असतात, आणि न शिकता कोणी हे करू शकतो हेच काहींना सोसत नाही, असा त्याचा सूर होता.

आरोप तपासायचा तर कामाची साखळी ठाऊक हवी. संगीतकार काही मोजक्या ओळींत आराखडा लिहितो : मुख्य सुरावट, स्वरसंगती, लय, कोणते वाद्य कोठे. मांडणीकार त्यावरून वाद्यवृंदाची पूर्ण स्वरलिपी तयार करतो. कोणता स्वर दुसऱ्या व्हायोलिनींना, कोणता चौथ्या हॉर्नला. नकलनवीस प्रत्येक वादकाचा स्वतंत्र कागद उतरवतात. मग संचालक पडद्यावरच्या दृश्याशी सेकंदाच्या अंशाचा मेळ घालत ते वाजवून घेतो. हॉलीवूडमध्ये ही विभागणी बोलपटांच्या आरंभापासून रुळलेली आहे, कारण प्रदर्शनाची तारीख कोणासाठी थांबत नाही. जॉन विल्यम्स स्वतः उत्तम शिकलेला. तरीही 'स्टार वॉर्स'च्या मांडणीकाराचे नाव हर्बर्ट स्पेन्सर आहे. 'स्टार वॉर्स' स्पेन्सरनेच रचले, असे कोणी म्हटले नाही.

आणखी एक दाखला तर फारच बोलका आहे. १९५८ साली अमेरिकेतील वादकांच्या संपामुळे हरमनच्या 'व्हर्टिगो'चे संगीत युरोपात ध्वनिमुद्रित करावे लागले. संचालन हरमनने केले नाही, म्युअर मॅथिसनने केले. आणि वाजवणाऱ्यांत वाद्यवृंद कोणता होता? सिन्फोनिया ऑफ लंडन. एकतीस वर्षांनी त्याच नावाच्या वाद्यवृंदाने हरमनच्या भक्ताचे संगीत वाजवले, तेव्हाही समोर संगीतकाराऐवजी दुसरेच कोणी उभे होते. हरमनच्या कर्तृत्वावर त्यामुळे कोणी शंका घेतली नाही. एल्फमनवर मात्र घेतली. फरक कागदपत्रांत नव्हता, फरक दोघांच्या पार्श्वभूमीत होता.

अंतर्गत पुरावाही एल्फमनच्याच बाजूचा आहे. 'बीटलज्यूस', 'बॅटमॅन' आणि १९९०चा 'एडवर्ड सिझरहँड्स' ओळीने ऐका. उड्या मारणारी खालची वाद्ये, निरागस वाटून भेदरवणारा गायकवृंद, सर्कशीतल्यासारखी लय मध्येच अडखळवण्याची खोड. हस्ताक्षर एकच आहे. मग ते बार्टेकचे असेल, असे कोणी म्हणेल. तिन्ही चित्रपटांत तोही आहे, हे खरे. परंतु तीच खोड 'ऑइंगो बॉइंगो'साठी एल्फमनने लिहिलेल्या गाण्यांतही सापडते, जेथे वाद्यवृंद नव्हताच. आणि वॉकरचे म्हणाल, तर तिचे स्वतंत्र काम पुढे उपलब्ध झाले आणि ते ऐकताक्षणी निराळे वाटते.

या कुजबुजीने एकाच वेळी दोघांवर अन्याय केला, असे मला वाटते. एल्फमनचे श्रेय काढून घ्यायचा प्रयत्न झाला, हे उघडच आहे. पण ज्या वॉकरला ते देऊ केले जात होते, तिच्या खऱ्या कामाकडेही कोणी पाहिले नाही. त्या काळी मोठ्या हॉलीवूडपटासाठी पूर्ण वाद्यवृंदासमोर स्त्री संचालक उभी राहणे विरळच होते. शाळकरी वयात तिने सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीसोबत पियानो वाजवला होता, १९७९च्या 'अपोकॅलिप्स नाऊ'साठी सिंथेसायझर वाजवला होता. 'बॅटमॅन'च्या सुरुवातीच्या तुकड्यात लय दोनदा बदलते, आणि दोन्ही वेळा अख्खा वाद्यवृंद एका देहासारखा वळतो. ते वळण संचालकाचे. हे काम तिने केले, चोख केले, आणि ते सांगण्यासाठी तिला दुसऱ्याची रचना स्वतःच्या नावावर नोंदवून घ्यायची गरज नव्हती.

पुरस्कारांचे थोडक्यात : ऑस्करसाठी या संगीताला नामांकनही मिळाले नाही. ग्रॅमीत मात्र 'द बॅटमॅन थीम'ला सर्वोत्कृष्ट वाद्यरचनेचा मान मिळाला. बाजाराने दोन अल्बमची युक्तीही उचलून धरली. १९९५च्या 'बॅटमॅन फॉरेव्हर'चा एक अल्बम गाण्यांचा निघाला आणि एक एलियट गोल्डेन्थलच्या वाद्यसंगीताचा. २००२च्या 'स्पायडर-मॅन'चेही तसेच, आणि तेथे दुसऱ्या अल्बमवर नाव पुन्हा एल्फमनचे. १९८९चा त्याचा अल्बम सुमारे ५४ मिनिटांचा होता. चित्रपटातील पूर्ण संगीत बाहेर यायला २०१० साल उजाडले.

वॉकरची पुढची वाट मला अधिक ओढ लावते. १९९२ साली 'मेम्वार्स ऑफ अॅन इन्व्हिजिबल मॅन'वर संगीतकार म्हणून तिचे एकटीचे नाव झळकले. मोठ्या स्टुडिओच्या चित्रपटावर असे श्रेय मिळवणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत तिची गणना होते. त्याच वर्षी 'बॅटमॅन'ची चलच्चित्र मालिका सुरू झाली. शीर्षकसंगीत एल्फमनच्याच सुरावटीचे राहिले, पण आतल्या भागांच्या संगीताची सूत्रे वॉकरकडे आली, आणि तिने बॅटमॅनसाठी स्वतःची वेगळी सुरावट लिहिली. २००६ साली ती गेली.

१९९३मध्ये याच मालिकेवरून निघालेल्या 'मास्क ऑफ द फँटॅझम' या चित्रपटाच्या आरंभी गायकवृंद गंभीर आवाजात काहीतरी गातो. प्रथम ऐकताना ती लॅटिन भाषेतली प्रार्थना वाटते. वस्तुतः ते लॅटिन नाही. वॉकरने आपल्यासोबत त्या संगीतावर राबलेल्या सहकाऱ्यांची नावे उलटी लिहून गायकवृंदाला दिली होती.